त्रुटिनोंदींचे आवर्तन

डेटाबेस चालविताना उद्भवणाऱ्या दोषांची नोंद सर्व्हरवरील एका फाइलीत आपोआप होत असते. ही फाइल ठराविक काळाने किंवा ठराविक आकारमान झाल्यावर बंद करून नवी उघडणे आणि जुन्या फाइली नेमलेल्या मुदतीनंतर नष्ट करणे, या व्यवस्थेस त्रुटिनोंदींचे आवर्तन म्हणतात.

दप्तर किती काळ जपावे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत कागदपत्रांचे सर्वसाधारणपणे अ (कायम), ब (30 वर्षे), क-1 (10 वर्षे), क (5 वर्षे) व ड (1 वर्ष) असे वर्ग करतात. मुदत संपलेले कागद काढून टाकण्यास शेतातील निंदणीवरून ‘निंदणीकरण’ ही संज्ञा रूढ झाली. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. त्यामुळे जालना जिल्ह्यातील जाफराबादसारख्या तालुक्यातील शेतकऱ्याचे कामही दूरच्या सर्व्हरशी जोडले गेले आणि दप्तराचा हा प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात नव्याने उभा राहिला.

संगणकीय नोंदींना एकसूत्रता आणणारी ‘सिसलॉग’ ही प्रणाली एरिक ऑलमन यांनी 1980 च्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सेंडमेल’च्या कामातून विकसित केली. लिनक्स (1991) प्रचारात आल्यावर रेड हॅट कंपनीत ‘लॉगरोटेट’ हा कार्यक्रम तयार झाला. त्याच्या मूळ मांडणीत दर आठवड्यास नवी फाइल उघडली जाते व जुन्या चार राखल्या जातात.

केवळ फाइलीचे नाव बदलून भागत नाही. चालू डेटाबेस आधी उघडलेल्या फाइलीतच लिहीत राहतो. ती पुसली तरी बंद होईपर्यंत तिने व्यापलेली जागा मोकळी होत नाही. म्हणून मायएसक्यूएलमध्ये नाव बदलल्यानंतर ‘फ्लश एरर लॉग्ज’ ही आज्ञा द्यावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएलचा नोंदसंग्राहक मात्र मूळ मांडणीनुसार 24 तासांनी किंवा 10 मेगाबाइट झाल्यावर स्वतःच नवी फाइल उघडतो.

आवर्तन न झाल्यास डिस्क भरून डेटाबेसचे व्यवहार थांबू शकतात. ते घाईने झाल्यास बिघाडाचे वा घुसखोरीचे पुरावे नाहीसे होतात. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी शासकीय संस्था, कंपन्या व डेटा केंद्रे यांना संगणकीय नोंदी 180 दिवस भारतातच जपण्याचे निर्देश दिले. चार आठवड्यांची मूळ मांडणी या मुदतीस अपुरी पडते. सबब नोंदी राखण्याची मुदत डिस्कवरील जागेवरून न ठरविता, कागदी दप्तराप्रमाणेच, नोंदींच्या महत्त्वावरून ठरविणे आवश्यक ठरते.