अभिजात मोटार : वय, कुळ आणि अस्सलपणा



जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनातून हिंडताना कोणाच्याही मनात एक प्रश्न येतो. ही गाडी हिरवळीवर दिमाखात उभी आहे. मग आपल्या आळीत धूळ खात पडलेली फियाट का नाही? प्रश्न साधा आहे, तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने तो क्षुल्लक मानू नये. काय जपायचे आणि काय मोडीत घालायचे हे समाज कसे ठरवतो, याचे ते बोलके उदाहरण आहे.

अशा गाड्यांना इंग्रजीत जो शब्द लावतात त्याला आपल्याकडे 'अभिजात' हा प्रतिशब्द रूढ आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या दर्जाचा इतिहास येथे उपयोगी पडेल. २००४ मध्ये तमिळला हा मान देताना प्राचीनतेची अट एक हजार वर्षांची होती. पुढच्याच वर्षी ती दीड ते दोन हजार वर्षांची झाली. सीमारेषा माणसेच आखतात आणि माणसेच सरकवतात. मोटारींच्या बाबतीतही नेमके हेच घडले आहे.

पहिला निकष वयाचा. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी इंग्लंडमध्ये मोटारींना ताशी १४ मैलांपर्यंत धावण्याची मुभा देणारा कायदा अमलात आला. वाहनापुढे माणूस चालवण्याची सक्तीही त्याने संपवली. तो आनंद साजरा करण्यासाठी मोटारी लंडनहून ब्रायटनला गेल्या. १९२७ मध्ये या फेरीचे पुनरुज्जीवन झाले आणि आजही तीत केवळ १ जानेवारी १९०५ पूर्वीच्या गाड्यांना प्रवेश मिळतो. १९३० मध्ये अशा आद्य गाड्यांसाठी 'व्हेटरन कार क्लब' निघाला. १९३४ मध्ये 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांना आरंभी पाच वर्षांची गाडीसुद्धा पुरेशी जुनी वाटत होती! मोठ्या प्रमाणावरील कारखानदारीमुळे नव्या गाड्यांचा कस उतरला, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून पुढे त्यांनी ३१ डिसेंबर १९३० ही मर्यादा कायम केली. 'व्हिंटेज' हा शब्द मूळचा द्राक्षमळ्यातला; चांगल्या हंगामाची दारू जशी वर्षावरून ओळखावी, तशी गाडी ओळखावी, असा त्यामागचा भाव. या रेषेमागे पंचांगापेक्षा नाराजीचा वाटा अधिक होता.

सरकारांनी मात्र सरकती रेषा पसंत केली. ब्रिटनने १९९६ मध्ये पंचवीस वर्षांवरील गाड्यांना वाहनकर माफ केला. १९९७ मध्ये नव्या सरकारने ही रेषा १ जानेवारी १९७३ वर गोठवली. २०१४ पासून ती चाळीस वर्षांच्या अंतराने पुन्हा सरकू लागली. जर्मनीने १९९७ मध्ये तीस वर्षांवरील ऐतिहासिक गाड्यांसाठी वेगळी नंबरपाटी सुरू केली. १९६६ मध्ये स्थापन झालेला जुन्या वाहनांचा आंतरराष्ट्रीय महासंघही तीस वर्षांची अट घालतो आणि गाडी रोजच्या दळणवळणाचे साधन नसावी, असेही म्हणतो. वापरातून निवृत्त होणे ही जणू मानाची पूर्वअट ठरली.

दुसरा निकष कुळाचा. संस्कृतात 'अभिजात' म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, आणि अमेरिकेतील 'क्लासिक कार क्लब'ने १९५२ पासून हाच अर्थ शब्दशः घेतला. आरंभी १९२५ ते १९४२ आणि आता १९१५ ते १९४८ या काळातील गाड्या तेथे विचारात घेतल्या जातात. परंतु त्यांतूनही उच्च प्रतीच्या, वेगळेपण असलेल्या निवडक गाड्यांनाच मान मिळतो. पॅकार्ड, पिअर्स-ॲरो, ड्यूझेनबर्ग यांना तेथे मानाचे आसन आहे. फोर्डच्या 'मॉडेल टी'च्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या, सामान्य माणसाला तिने रस्त्यावर आणले. परंतु या पंक्तीत तिला पाट नाही.

या कुळाशी आपला मराठी संबंधही आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी १९३५ ची ड्यूझेनबर्ग घेतली. तिचा सांगाडा व इंजिन अमेरिकेचे आणि वरचा देह लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांचा. ही गाडी पुढे अमेरिकेला परतली. संस्थानी वैभवाच्या खुणा अशा रीतीने परदेशी संग्रहांत गेल्या, याची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच काळात सामान्यांच्या ज्या गाड्या भंगारात गेल्या, त्यांची हळहळ कोणी केली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

तिसरा निकष अस्सलपणाचा, आणि तोच सर्वांत अवघड आहे. बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' ही शर्यतीची गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. त्यानंतर तिचे भाग बदलत गेले, आठ लिटरचे इंजिन बसले, वरचा देह नवा झाला. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला. गाडी पुन्हा उभी केली गेली. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पण ही मूळ गाडीच नव्हे, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली आणि वाद लंडनच्या न्यायालयात गेला. १९२९ च्या गाडीचे भाग जवळजवळ उरलेले नाहीत, हे न्यायमूर्ती ऑटन यांनी मान्य केले. तरीही गाडीचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही, तिचा इतिहास अखंड आहे, म्हणून ते नाव तिचेच, असा निवाडा त्यांनी दिला.

माजी विद्यार्थ्यांना हा निवाडा समजण्यास कठीण जाऊ नये. कौले जाऊन स्लॅब येतो, बाके बदलतात, शिक्षक निवृत्त होतात, तरी पन्नास वर्षांनी फाटकातून आत येणारा म्हणतो, "ही माझी शाळा."

प्रदर्शनांची रुचीही बदलली आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० मध्ये स्पर्धा सुरू झाली, तेव्हा सर्वोच्च मान नव्या गाड्यांना मिळे. १९५५ मध्ये तो प्रथमच १९३१ च्या पिअर्स-ॲरोला मिळाला. पुढे अनेक दशके नव्यासारख्या चकचकीत केलेल्या गाड्यांची सद्दी चालली. २०२४ मध्ये मात्र १९३४ ची एक बुगाटी जिंकली. काळाच्या खुणा न पुसता जपलेल्या गाडीने हा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात जुन्या गाड्यांची 'स्टेट्समन'ची फेरी दिल्लीत १९६४ मध्ये सुरू झाली. परंतु कायद्यात स्पष्ट व्याख्या यायला २०२१ साल उजाडले. त्या वर्षीच्या जुलैतील नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात जपलेली, सांगाडा, देह वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. तिला वेगळा क्रमांक मिळतो. मात्र रोजच्या वापराची परवानगी नसते. या कसोटीवर 'ओल्ड नंबर वन' बहुधा नापास झाली असती! आपल्याकडे तर डिझेल स्वस्त म्हणून कित्येक ॲम्बॅसडर गाड्यांची इंजिने गॅरेजमध्ये बदलली गेली. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत गाडी चालती ठेवण्याची ती धडपड हाही इतिहासच होता. नियमाच्या दृष्टीने मात्र तो दोष ठरतो.

वयाची अडचणही अशीच आहे. ॲम्बॅसडरचे मूळ मॉरिस ऑक्सफर्डच्या १९५० च्या दशकातील नमुन्यात आहे आणि तिचे उत्पादन उत्तरपाड्याला २०१४ मध्ये थांबले. त्या शेवटच्या वर्षीची गाडी आजीसारखी दिसते, परंतु कायद्याने ती नातच. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. पन्नाशीचा मान मिळण्यास तिला २०५३ उजाडावे लागेल. खासगी गाडीलाही पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण लागते आणि २०२२ मध्ये त्याचे शुल्क बरेच वाढले. उपयोग संपल्यापासून मान मिळेपर्यंतची ही जी मधली तीसएक वर्षे, तीच खरी जीवघेणी. राजाची गाडी ती वर्षे मोटारखान्यात काढते. कारकुनाची किंवा टॅक्सीवाल्याची गाडी भंगारवाल्याकडे जाते. मग पुढच्या पिढीच्या प्रदर्शनात केवळ राजेच उरतात आणि पाहणाऱ्याला वाटते, त्या काळी फक्त राजेच मोटारीत बसत होते.

म्हणून वय, कुळ आणि अस्सलपणा यांच्या जोडीला चौथा निकष मला सुचवावासा वाटतो, तो साक्षीचा. ज्या गाडीची कहाणी कागदोपत्री आणि माणसांच्या आठवणींत सलग सांगता येते, ती जपण्यास पात्र आहे. मग तिचे इंजिन बदललेले असो वा तिचे कुळ सामान्य असो. प्रत्येक गाडी वाचवणे कोणालाच शक्य नाही. परंतु नोंदणीचे पुस्तक, दुरुस्तीची बिले, गाडीपुढे उभे राहून काढलेले कुटुंबाचे छायाचित्र, गॅरेजच्या मिस्त्रीची आठवण, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला जपता येईल. गाडी गेली तरी तिची साक्ष उरेल. आणि एखादी गाडी वाचलीच, तर ती कोणाची, कुठली आणि कशी चालली, हे सांगायला तिच्याजवळ पुरावा असेल.