'स्ट्राइक' या शब्दाची कुळकथा



इंग्रजी कोशात काही शब्द असे आहेत की, त्यांचे अर्थ वाचता वाचता पान उलटावे लागते. 'स्ट्राइक' हा त्यांपैकीच एक. काडेपेटीची काडी ओढणे, घड्याळाचे ठोके पडणे, वीज कोसळणे, नाणे पाडणे, सौदा ठरणे, जमिनीत तेल लागणे, वहीतले नाव खोडणे या सर्वांना इंग्रज हे एकच क्रियापद लावतो. आणि कामगार काम बंद ठेवतो त्यालाही तेच. आम्ही भाषापंडित नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, एका हाती कायद्याचे पुस्तक आणि दुसऱ्या हाती शब्दकोश धरून झाले. तेव्हा ही कुळकथा कामगाराच्या बाकावरून सांगितलेली आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

'स्ट्राइक' म्हणजे तडाखा, आणि म्हणून कामगाराचा स्ट्राइक म्हणजे मालकाच्या पाठीत घातलेला तडाखा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास निराळेच सांगतो. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ होता हलकेच पुढे सरकणे, हात फिरवणे, सपाट करणे. 'स्ट्रोक' हा शब्द याच कुळातला. धान्याच्या मापावर आडवी काठी फिरवून वरची रास सपाट करीत, त्या मापालाही काही भागांत 'स्ट्राइक' म्हणत. मारण्याचा अर्थ मध्ययुगात आला. खलाशांच्या बोलीत त्याला आणखी एक अर्थ होता : शीड खाली उतरवणे.

आमच्या कामाचा अर्थ निघाला तो या शिडातून. इ. स. १७६८ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील संडरलंड बंदरातले खलाशी एकत्र जमले. चौकात त्यांनी आपल्या तक्रारींचा कागद वाचून दाखवला. मग ते बंदरातल्या जहाजांवर चढले आणि शिडाच्या आडव्या काठ्या त्यांनी खाली उतरवल्या. जहाजे समुद्रात जाऊ नयेत, एवढाच हेतू. त्याच वर्षी लंडनला थेम्स नदीवरही खलाशांनी हाच मार्ग धरला. पुढे शिडाशी काडीचा संबंध नसलेले विणकर आणि खाणकामगारही आपल्या काम थांबवण्याला 'स्ट्राइक' म्हणू लागले. जहाज शाबूत, माल शाबूत; फक्त ज्यांच्या हातांनी ते चालते, ते हात थांबलेले. संपाची याहून नेमकी व्याख्या आम्हांला कोठे आढळली नाही.

सरकारच्या कोशात मात्र याला दुसरा शब्द होता : 'कॉम्बिनेशन', म्हणजे एकत्र येणे. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी मजुरीसाठी एकत्र येणे हाच गुन्हा ठरवला. ते कायदे १८२४ साली रद्द झाले. तरी १८३४ मध्ये डॉर्सेट परगण्यातील टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना, संघटनेत गुप्त शपथ घेतली म्हणून, सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. शांततेने निरोधन करणे इंग्लंडात कायदेशीर ठरायला १८७५ साल उजाडले.

या शब्दाला भावंडेही पुष्कळ. लँकेशायरचे गिरणी कामगार 'टर्न-आउट' म्हणत, म्हणजे बाहेर पडणे. काम न थांबवता सावकाश करणे ते 'गो-स्लो'. नियमाबाहेर तिळभरही न करणे ते 'वर्क टु रूल'. मालकानेच दार लावले तर 'लॉक-आउट', म्हणजे आपली टाळेबंदी. 'बॉयकॉट' हे तर एका माणसाचे आडनाव. १८८० साली आयर्लंडमध्ये कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी सर्व व्यवहार तोडले आणि त्याचे नाव कायमचे कोशात जाऊन बसले. फ्रेंचांचा 'ग्रेव्ह' हा शब्द पॅरिसच्या नदीकाठच्या एका चौकावरून आला. तेथे बेकार मजूर कामाची वाट पाहत उभे राहत. आपल्या शहरांतल्या मजूर नाक्यांकडे पाहिले की, हा शब्द परका वाटत नाही.

आणि आपला 'संप'? गुजरातीत हाच शब्द आजही एकोपा या अर्थाने चालतो. म्हणजे इंग्रजाने आपल्या शब्दात काम थांबलेले पाहिले, आपण माणसे एकत्र आलेली पाहिली. 'हरताळ' म्हणजे दुकानाला कुलूप. १९१९ च्या ६ एप्रिलला गांधीजींच्या हाकेने देशभर हरताळ पडला आणि तो शब्द इंग्रजी कोशांतही शिरला.

कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? त्याचे कारण असे की, कामगाराची भाकरी पुष्कळदा शब्दावर टांगलेली असते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने 'स्ट्राइक'ची व्याख्या केली : एकत्रितपणे काम थांबवणे किंवा संगनमताने काम नाकारणे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने तीत भर घातली. एखाद्या उद्योगातील निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एके दिवशी मिळून नैमित्तिक रजा घेतली, तर तोही स्ट्राइकच. काल जी रजा होती, ती एका ओळीने संप झाली.

एका कारखान्यातला प्रसंग सांगतो. फाटकावर इंग्रजीत सूचना लागली. खाली दिलेली नावे हजेरीपटावरून 'स्ट्रक ऑफ' केली आहेत, असा तिचा मजकूर. त्या माणसांना एक 'स्ट्रक' तेवढे ओळखीचे. आपल्यावर संपाचा आरोप आहे असे समजून ती आमच्याकडे आली. "साहेब, आम्ही संप केलाच नाही, आम्ही आजारी होतो," असे जो तो सांगत होता. प्रत्यक्षात त्यांची नोकरी गेली होती, आणि संप केला नाही हे सिद्ध करण्याच्या खटपटीत महत्त्वाचे दिवस चालले होते. नुसते नाव खोडणे हीसुद्धा कामगार कपातच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली म्हटले आहे. आणि कपात म्हटली की, जो कामगार वर्षभर राबला त्याला नोटीस आणि भरपाई देणे आले. तो एक अर्थ ठाऊक असता, तर ती माणसे पहिल्याच दिवशी योग्य दारात गेली असती.

म्हणून आम्ही आमच्या अभ्यासवर्गात कायद्याआधी शब्द शिकवतो. आपणांपैकी कोणी शिक्षक असतील, वकील असतील, कचेरीत कारकून असतील. कामगाराच्या हाती परभाषेतला कागद पडतो, तेव्हा तो बहुधा आपल्यासारख्याच कोणाकडे येतो. त्याला त्या कागदाचा अर्थ नीट, पुरता आणि त्याच्या भाषेत सांगा. एवढे केलेत तरी पुष्कळांचे नाव पटावर राहील.