ग्रेट्स्कीचा सौदा : जिंकलें कोण ?



हॉकी म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि ध्यानचंदांची काठी उभी राहते. आज मला ज्या हॉकीविषयीं बोलावयाचें आहे ती निराळी. कॅनडा व अमेरिका या देशांत ती बर्फावर खेळतात. पायांत धारदार पात्यांचे जोडे, हातांत वांकडी काठी, चेंडूच्या जागीं रबराची कठीण चकती, आणि प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहा गडी. तेथील धंदेवाईक संघ आपल्या खेळाडूंची परस्परांत अदलाबदल करतात. आणि असा सौदा झाला कीं दुसऱ्या दिवसापासून वाद सुरू होतो, यांत जिंकलें कोण? वाद वरकरणीं क्षुल्लक दिसतो खरा. परंतु झालेल्या व्यवहाराचा न्याय कसा व केव्हां करावा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकासहि सुटत नाहीं. म्हणून या खेळांतील सर्वांत गाजलेला सौदा आज आपण तपासून पाहूं.

एडमंटन हें पश्चिम कॅनडांतील आल्बर्टा प्रांताचें राजधानीचें शहर. तेथील ऑइलर्स संघांत वेन ग्रेट्स्की हा खेळाडू १९७८ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं आला. तोहि विकत घेतलेलाच आला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९८४, १९८५, १९८७ व १९८८ या चार वर्षीं ऑइलर्सनीं स्टॅन्ले चषक जिंकला. चौथा चषक जिंकून तीन महिनेहि झाले नव्हते, तोंच ९ ऑगस्ट १९८८ रोजीं संघाचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांनीं ग्रेट्स्कीस लॉस एंजल्सच्या किंग्ज संघाचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांच्या स्वाधीन केलें. त्याच्याबरोबर मार्टी मॅक्सॉर्ली व माइक क्रुशेल्निस्की हे दोघे गेले. मोबदला म्हणून एडमंटनला जिमी कार्सन हा वीस वर्षांचा, गेल्याच हंगामांत ५५ गोल केलेला खेळाडू मिळाला; मार्टिन जेलिना हा अठरा वर्षांचा तरुण मिळाला; १९८९, १९९१ व १९९३ या तीन वर्षीं पहिल्या फेरींत नवा खेळाडू वेंचून घेण्याचे किंग्जचे हक्क मिळाले; आणि दीड कोट डॉलर रोख मिळाले.

बातमी फुटली तेव्हां एडमंटनमध्यें घरचें माणूस गेल्यासारखी अवकळा पसरली. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे सभागृहनेते नेल्सन रीस यांनीं तर सरकारनें हा सौदा थांबवावा अशी मागणी केली. मालकांच्या बाजूनेंहि कांहीं बोलण्यासारखें होतें. करार संपला म्हणजे हा खेळाडू कांहींहि मोबदला न देतां निघून जाईल, ही भीति अगदींच निराधार नव्हती. पिकलेलें फळ वेळीं उतरविलें नाहीं तर तें हातचें जातें, हा व्यापाऱ्याचा हिशेब.

आतां निकालाकडे वळूं. पहिल्या हंगामाचा निकाल स्पष्ट दिसतो. किंग्ज संघाचे गुण ६८ वरून ९१ वर चढले. ऑइलर्सचे ९९ वरून ८४ वर उतरले. ग्रेट्स्कीनें त्या हंगामांत १६८ गुण मिळविले, कार्सननें १००. पुढें १९८९ च्या चषक-सामन्यांत हे दोन्ही संघ पहिल्याच फेरींत समोरासमोर आले आणि किंग्जनीं ऑइलर्सना सात सामन्यांत हरविलें. त्या वेळीं कोणीं निवाडा मागितला असता, तर तो लॉस एंजल्सच्याच बाजूनें लागला असता.

परंतु कार्सनचें मन एडमंटनमध्यें रमलें नाहीं. नोव्हेंबर १९८९ मध्यें त्याला डेट्रॉइटला देऊन एडमंटननें पेत्र क्लिमा, जो मर्फी व ॲडम ग्रेव्ह्ज हे खेळाडू आणले. मर्फी, ग्रेव्ह्ज आणि ग्रेट्स्कीच्या मोबदल्यांत आलेला जेलिना, या तिघां तरुणांची एक नवी फळीच उभी राहिली. १९९० सालीं ऑइलर्सनीं किंग्जना सलग चार सामन्यांत गारद केलें, आणि अंतिम फेरींत बोस्टनला हरवून पांचवा चषक घरीं आणला. त्या फेरीचा पहिला सामना जादा वेळेच्या तिसऱ्या डावापर्यंत लांबला होता. तो गोल करून जिंकून दिला क्लिमानें. पुढें १९९१ व १९९२ सालींहि ऑइलर्सनींच किंग्जना चषकाच्या वाटेंतून बाहेर काढलें. झालें ! कालपर्यंत मालकास दूषणें देणारे कित्येक जण म्हणूं लागले कीं सौदा एडमंटननें जिंकला.

येथेंच सावध राहिलें पाहिजे. मीं आयुष्यभर मुलांच्या गणिताच्या वह्या तपासल्या आहेत. उत्तर बरोबर आलें म्हणून रीत बरोबर असतेच असें नाहीं, आणि रीत बरोबर असूनहि उत्तर चुकतें. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, यास आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात. १९९० च्या चषकाचे खरे आधारस्तंभ कोण ? कप्तान मार्क मेसिए, यारी कुरी, ग्लेन अँडरसन, केव्हिन लो. हे सर्व ग्रेट्स्कीच्या वेळचेच गडी. त्या चषक-सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविणारा गोलरक्षक बिल रॅनफर्ड हाहि सौद्याच्या आधींच, मार्च १९८८ मध्यें, बोस्टनहून आलेला. क्लिमा, मर्फी, ग्रेव्ह्ज यांचें श्रेय द्यावयाचें तर तें दुसऱ्या सौद्यास द्यावें लागेल. पहिल्या सौद्यानें त्याचें भांडवल पुरविलें, एवढेंच फार तर म्हणतां येईल.

निवडीच्या हक्कांचें काय झालें, तेंहि पाहूं. पहिला हक्क एडमंटननें दुसऱ्याच संघास देऊन टाकला. दुसऱ्या हक्कानें घेतलेला मार्टिन रुचिन्स्की एडमंटनसाठीं दोन सामने खेळून गेला; तिसऱ्या हक्कानें आलेल्या निक स्टाजडुहारच्या वांट्यासहि दोनच सामने आले. राहिले दीड कोट डॉलर. ते मालकाच्या तिजोरींत गेले, आणि रोकड कांहीं गोल करीत नाहीं.

मग लॉस एंजल्सनें काय मिळविलें ? ग्रेट्स्की असतांना त्यांस चषक मिळाला नाहीं. १९९३ सालीं ते अंतिम फेरीपर्यंत पोंचले आणि माँट्रियलकडून हरले. १९९६ सालीं त्यांनींहि ग्रेट्स्कीस सेंट लुइसला दिलें. त्यांचा पहिला चषक २०१२ सालचा. परंतु ज्या उन्हाच्या प्रदेशांत बर्फावरील खेळाकडे थोडेच लोक वळत, तेथें त्याला प्रतिष्ठा आली. कॅलिफोर्नियांत १९९१ सालीं सॅन होझे येथें आणि १९९३ सालीं ॲनाहाइम येथें नवे संघ निघाले. दोन्ही मालकांना मात्र लक्ष्मी स्थिर राहिली नाहीं. मॅक्नॉल यांनीं १९९४ सालीं बँकांना फसविल्याचा गुन्हा कबूल केला व पुढें त्यांस तुरुंगवास घडला. पॉकलिंग्टन यांच्या हातून संघ गेला. १९९८ सालीं स्थानिक भागीदारांनीं तो विकत घेतला, म्हणूनच तो एडमंटनमध्यें टिकला. १९९० नंतर त्या संघानें २००६, २०२४ व २०२५ सालीं अंतिम फेरी गांठली. चषक मात्र हातीं आला नाहीं.

तेव्हां माझा निवाडा असा आहे : सौदा लॉस एंजल्सनें जिंकला, चषक एडमंटननें जिंकला; आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. सत्तावीस वर्षांचा, खेळाच्या ऐन भरांतला अद्वितीय खेळाडू देऊन त्याच्या तोलाचें कांहींहि एडमंटनला मिळालें नाहीं. पुढें जें यश आलें, तें शिल्लक राहिलेल्यांच्या पराक्रमाचें.

ज्या शहराचें मत या व्यवहारांत कोणीं विचारलें नाहीं, त्यानें आपला निवाडा निराळ्या रीतीनें दिला. १५ ऑक्टोबर १९८९ रोजीं ग्रेट्स्कीनें गॉर्डी हाउ यांचा १८५० गुणांचा जुना विक्रम मोडला. सामना एडमंटनमध्येंच होता, अंगांत प्रतिपक्षाचा पोशाख होता, आणि त्याच गोलानें यजमानांची आघाडी पुसली गेली. तरीहि सारें प्रेक्षागृह उठून उभें राहिलें व टाळ्यांचा कडकडाट किती तरी वेळ थांबला नाहीं. सौद्याचा जमाखर्च आपण कसाहि मांडला, तरी त्या टाळ्यांची नोंद करावयास त्यांत रकाना सांपडत नाहीं.