गुन्नार मिर्डाल यांचा ‘अॅन अमेरिकन डायलेमा’: विषमता ही विवेकाची टोचणी आहे का?

गुन्नार मिर्डाल हे स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी कार्नेगी कॉर्पोरेशनने मुद्दाम बाहेरच्या देशातला माणूस निवडला. १९४४ मध्ये मिर्डाल यांचा सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनी, शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राऊन खटल्याच्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा तळटीपेत उल्लेख केला.

मिर्डाल यांचे म्हणणे असे: स्वातंत्र्य, समता, न्याय ही ध्येये गोरा अमेरिकनही मनापासून मानतो. पण काळ्या माणसाशी वागताना तीच मोडतो. हा झगडा त्याच्या मनात चालू असतो, म्हणून प्रश्न मुळात त्याच्या विवेकाचा आहे. शेवटी ध्येयाचीच सरशी होईल, अशी त्यांना आशा होती.

ग्रंथातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र वेगळाच आहे. दक्षिणेतील गोऱ्यांना कोणती बंधने सर्वांत महत्त्वाची वाटतात, याचा क्रम मिर्डाल यांनी मांडला. पहिल्या स्थानी आंतरवंशीय विवाह आणि शरीरसंबंधांवरची बंदी; जमीन, कर्ज, नोकरी यांतला भेदभाव शेवटी. कृष्णवर्णीयांचा क्रम जवळपास उलटा: त्यांना आधी नोकरी आणि न्याय हवा होता, विवाहाचा प्रश्न तळाशी होता. ‘यांना आमच्या मुली हव्यात’ हा आरोप आपल्याकडेही ऐकलेल्यांना यावर वेगळे भाष्य नको.

या मांडणीवर टीकाही झाली. ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ मध्ये लिहिले की वर्णद्वेषाचे मूळ स्वस्त मजुरांच्या शोषणात आहे, मनातल्या द्वंद्वात नाही. टीका वजनदार आहे. पण हेच कॉक्स हिंदू जातिव्यवस्था खालच्या जातींनीही मान्य केलेली, स्थिर व्यवस्था समजत. त्याआधी २१ वर्षे महाडला चवदार तळ्याचे पाणी पेटले होते, हे त्यांच्या हिशेबात आले नाही!

आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे. मिर्डाल यांचा युक्तिवाद उभा राहतो तो ‘समता हे समाजाचे मान्य ध्येय आहे’ या गृहीतकावर. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवले की जात पाळणारा हिंदू आपल्या ध्येयाशी बेइमानी करत नसतो. तो धर्मनिष्ठ असतो म्हणूनच जात पाळतो. विषमता हाच जिथे आदर्श आहे, तिथे विवेकाला टोचणी लागणार कशी? म्हणूनच त्यांनी शास्त्रांच्या प्रामाण्यावर घाव घातला.

२६ जानेवारी १९५० पासून समता हे आपलेही लिखित ध्येय झाले. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता या विसंगतीत आपण शिरत आहोत, असा इशारा बाबासाहेबांनी दिला. वरवर पाहता ही मिर्डाल यांचीच भाषा. पण मिर्डाल यांची भिस्त गोऱ्यांच्या मनावर होती. बाबासाहेबांनी बजावले की विसंगती लवकर मिटवली नाही, तर विषमता सोसणारेच लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त करतील.

अमेरिकेकडे त्यांचे लक्ष होतेच. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी गोऱ्यांच्या हृदयपरिवर्तनाची चौकशी केली नव्हती. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या.