शनवार तेल्यांची आठवण

वाचकहो, घराण्यात चालत आलेली कथा म्हणजे इतिहास नव्हे, हे आपण जाणतोच. पण जेथे कागदच नाही, तेथे ती कथा अगदी टाकाऊ ठरते काय? आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांचे उदाहरण घेऊ या.

हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या घरोघरी सांगतात ती हकीकत अशी: फार पूर्वी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया, एवढीच माणसे वाचली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. तोंडपाठ राहिली ती 'शमा' ही एक प्रार्थना.

आता ही कथा जरा चाळून पाहू. तिच्यात साल नाही, गलबताचे नाव नाही. चौदाचा आकडाही जपूनच घ्यावा. चित्पावनांच्या कथेतही समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते आहेतच. मग हाती काय उरते? पुष्कळ उरते. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत; म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. मुलग्याची सुंता आठव्या दिवशी होई. आडनावे पाहा: किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. कुटुंब मुंबईला गेले, तरी गाव नावात राहिले. मुंबईतले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले, तेही एका दिवेकरांनीच बांधलेले.

१९४८ नंतर यांतले बहुसंख्य लोक हळूहळू इस्रायलला गेले. तेथे १९६२ साली मुख्य धर्मपीठाने लग्नाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा दंडक घातला. पिढ्यान्‌पिढ्यांचे दाखले ही माणसे आणणार कोठून? ती जेरुसलेमला धरणे धरून बसली. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही धागे आढळले. त्यातून गलबत सिद्ध होत नाही. पण 'बाहेरून आलो आणि इथे मिसळलो' हा कथेचा गाभा टिकतो.

शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गातली मुलेही अशाच कथा घेऊन येतात. त्या ऐकून हसू नका, आणि लगेच खऱ्याही मानू नका. घरात काय पाळतात, आडनावात कोणते गाव आहे, घाणा कोणत्या वारी बंद असे, एवढे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहून आणायला सांगा.