अधिक शिक्षणाचा अडसर

शिक्षण कमी पडले म्हणून नोकरी हुकली, ही तक्रार आपल्या परिचयाची आहे. शिक्षण अधिक झाले म्हणून नोकरी नाकारली, हे ऐकले की मात्र मनुष्य क्षणभर थबकतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या तरुणाने चार वर्षे खर्चून औषधशास्त्राची पदवी मिळवावी, घराजवळच्या औषधालयात पहिल्या पायरीच्या जागेसाठी अर्ज करावा आणि ‘या जागेच्या मानाने आपण फार शिकलेले आहात’ असे उत्तर घेऊन परतावे, हा प्रसंग आज कोणास नवलाचा वाटणार नाही. वरकरणी या उत्तरात गौरव आहे. पण अशा गौरवावर घर चालत नाही. श्रोतेहो, या उत्तराला इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा थेट पेडणे महालात जाऊन पोहोचतो.

पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या हाती गेले. ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात शाळा आणि देवघर यांची भाषा मराठी होती. सरकारदरबारची भाषा मात्र पोर्तुगीज. १८४२ साली पणजीस वैद्यकीय विद्यालय निघाले आणि तेथे वैद्यकाच्या जोडीने औषधे तयार करण्याची विद्याही शिकविली जाऊ लागली. त्या विद्यालयाचा दरवाजा पोर्तुगीज भाषेच्या किल्लीनेच उघडत असे. तेव्हा ज्याला शिकावयाचे असे, त्या पेडणेकराची दृष्टी पुष्कळदा तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडीकडे आणि तेथून मुंबईकडे वळे.

अशाच एका कुटुंबातील मुलगा लहानपणी मुंबईस आला. त्याचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. आपण त्यांना डॉक्टर भाऊ दाजी म्हणून ओळखतो. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक असताना, १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघताच ते तेथे दाखल झाले आणि १८५१ साली पहिल्या तुकडीतून पदवीधर होऊन बाहेर पडले. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले आत्माराम पांडुरंग हे त्यांचे सहाध्यायी. आता या नव्या पदवीधरांसाठी सरकारजवळ कोणती जागा होती? सब-असिस्टंट सर्जनची, म्हणजे दुय्यम दर्जाची. वरच्या जागा विलायतेत नेमलेल्या डॉक्टरांच्या. १८५५ साली त्या जागांसाठी स्पर्धापरीक्षा सुरू झाली खरी, पण ती लंडनमध्ये. पदवी हाती होती, शिडीही समोर होती. मधल्या पायऱ्या तेवढ्या काढून घेतलेल्या होत्या.

भाऊ दाजींनी स्वतंत्र व्यवसाय पत्करला. बंधू नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला, आणि देशी वनस्पतींचा अभ्यास करून कुष्ठरोगावरील औषधाचा शोध घेतला. पुढे १८६९ आणि १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. पण असा मार्ग काढणे प्रत्येकास साधते असे नाही. म्हणून त्यांच्या यशाचा दाखला देऊन आजच्या तरुणास गप्प बसविणे योग्य होणार नाही.

पणजीच्या विद्यालयातील पदवीधरांची कथाही याच जातीची. तेथील पदवीवर खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करता येत नसे. त्यासाठी तिकडे जाऊन पुन्हा शिकावे लागे. आफ्रिकेतील वसाहतींत मात्र त्यांना मागणी होती, पण तीही दुसऱ्या श्रेणीच्या जागांवर. एका ठिकाणी ज्ञान अपुरे ठरे. दुसऱ्या ठिकाणी काम पूर्ण घेतले जाई आणि दर्जा अर्धा दिला जाई.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ साली औषधशास्त्राचे महाविद्यालय स्वतंत्र झाले. भारतातील १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. या नोंदणीस दोन वर्षांची पदविका पुरते आणि चार वर्षांची पदवीही चालते. नोंदवहीत दोघांचे स्थान एकच. दुकानाच्या दारात मात्र पदवीधर अडतो.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. हा मनुष्य चार महिन्यांत कारखान्यात जाईल आणि शिकविण्याचे श्रम वाया जातील, ही त्याची धास्ती अगदीच निराधार नाही. शिवाय पदविकेच्या विद्यार्थ्यास ५०० तासांचे प्रत्यक्ष काम करावे लागते. पदवीचा भर औषधनिर्मिती व प्रयोगशाळा यांकडे अधिक असतो. म्हणजे पदवी ही प्रत्येक बाबतीत पदविकेहून ‘वरची’ नसून काही अंशी ‘वेगळी’ आहे. पण या शंकेचे उत्तर विचारपूस करून आणि काम पाहून मिळते. अर्जावरील एक ओळ वाचून दार लावल्याने ते मिळत नाही.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील शिपायांच्या भरतीत अधिक शिकलेल्यांना वगळले गेले, तेव्हा २००० साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकष तर्कसंगत मानला नाही. उलट २०२० साली एका बँकेच्या शिपायाच्या प्रकरणात निकाल बँकेच्या बाजूने लागला. कारण पदवीधरांनी अर्ज करू नये असे जाहिरातीतच स्पष्ट होते आणि उमेदवाराने आपली पदवी लपविली होती. या दोन निकालांतून तरुणांनी घ्यावयाचा बोध सरळ आहे: जाहिरातीतील अट नीट वाचावी आणि कितीही मोह झाला तरी पदवी लपवू नये. आपण ही जागा का मागतो, घराजवळ का राहू इच्छितो आणि निदान किती काळ राहू, हे आपण होऊन सांगावे. धास्ती बोलून दाखविल्याने निम्मी ओसरते.

२०१२ साली खाणी थांबल्या आणि डिचोलीच्या कित्येक घरांची मिळकत आटली. अशा मुलखात घराजवळची एक जागा म्हणजे केवळ नोकरी नसते. म्हातारी माणसे, शेताचा तुकडा आणि धाकट्यांचे शिक्षण यांचा तो आधार असतो. ‘अधिक पात्र’ हा शब्द माणसाविषयी थोडे सांगतो आणि शिडीविषयी पुष्कळ. भाऊ दाजींच्या काळी मधल्या पायऱ्या परकीय सत्तेने काढून घेतल्या होत्या. आज त्या बसविणे आपल्याच हाती आहे: दुकानदाराने पदवीधरास रुग्णांना औषधाविषयी समजावून सांगण्याचे, साठ्याच्या देखरेखीचे काम द्यावे; शासनाने तालुक्याच्या रुग्णालयांत त्याला साजेशी पदे निर्माण करावीत. औषध देणारा हात अधिक जाणता असला, तर त्यात रोग्याचे हितच आहे.