सहव्याधी

महाराष्ट्रात ९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतर रोज संध्याकाळी सरकारी पत्रक निघू लागले. त्यात मृतांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा असे; त्यांपैकी इतक्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार होता. मराठीत 'सहव्याधी' हा शब्द तेव्हाच घरोघर पोहोचला. तो वाचून धडधाकट माणूस सुस्कारा टाकी, आणि ज्याला ती व्याधी होती तो वर्तमानपत्र घडी करून ठेवी. त्या शब्दात मेलेल्या माणसावरच थोडा ठपका होता असे मला आजही वाटते.

वास्तविक हा विषाणूंचा गोत काही नवा नव्हे. इंग्लंडात सॉल्सबरीजवळ साध्या पडशाचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तेथे धट्टेकट्टे स्वयंसेवक हौसेने येत आणि नाकात औषधाऐवजी पडसे घालून घेत! डेव्हिड टायरेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६५ मध्ये 'बी ८१४' या विषाणूची हकीकत प्रसिद्ध केली. जून अल्मेडा या विदुषीने असे विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांच्याभोवती प्रभामंडळासारखी कडा दिसली. त्यावरून १९६८ मध्ये 'कोरोना' हे नाव पडले. पुढे पस्तीसेक वर्षे, म्हणजे २००३ च्या सार्सपर्यंत, माणसाच्या संदर्भात हे विषाणू म्हणजे चार दिवसांचे पडसे एवढीच त्यांची पत होती.

पण हे झाले निरोगी माणसापुरते. मूत्रपिंड बदललेल्या रोग्याला परके इंद्रिय शरीराने नाकारू नये म्हणून जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. रक्ताच्या कर्करोगात तर प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशीच रोगाने किंवा उपचाराने नष्ट होतात. अशा देहात साधे पडसेही फुप्फुसांपर्यंत उतरते आणि महिनोन्‌महिने हटत नाही. बॉस्टनमधील ४५ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात कोविडचा विषाणू मृत्यूपर्यंत, १५४ दिवस, ठाण मांडून होता आणि त्या काळात झपाट्याने रूप बदलत होता. नवे उपप्रकार अशाच दीर्घ संसर्गातून जन्मतात, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानू लागले. म्हणजे दुर्बलाचे रक्षण ही निव्वळ दयेची बाब राहिली नाही.

आपल्याकडे २०२१ च्या उन्हाळ्यात याची दुसरी, अधिक भीषण बाजू दिसली. फुप्फुसांचा दाह शमविण्यासाठी दिलेले स्टेरॉईड प्राण वाचवी, पण प्रतिकारशक्ती दाबी आणि रक्तातील साखर चढवी. त्यातच मधुमेह असला की म्युकरमायकोसिसची बुरशी नाकातून डोळ्यांकडे, मेंदूकडे सरके. कित्येकांचा जबडा गेला, कित्येकांचा डोळा. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदविण्यास सांगितले. मुंबईच्या प्लेगापायी झालेला तोच हा कायदा!

आता मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कसारख्या वस्तीतला एखादा तिशीचा, मूत्रपिंड बदललेला मनुष्य कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. तपासणीसाठी मुंबईचे मोठे रुग्णालय गाठायचे तर लोकल हाच मार्ग. मार्च २०२० मध्ये ती बंद पडली. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना ती खुली झाली. याच्याही दोन मात्रा झालेल्या, हातात प्रमाणपत्र. परंतु औषधांनी दाबलेल्या शरीरात लशीने प्रतिपिंडे पुरेशी तयार होतीलच असे नसते. प्रमाणपत्रावर तसे काही लिहिलेले नव्हते. डब्यातल्या गर्दीला ते कळण्याचा संभव नव्हता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अशा रोग्यांना जादा मात्रा द्यावी अशी शिफारस केली. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून तिसरी मात्रा सुरू झाली, ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे सेवक आणि सहव्याधी असलेले साठीपुढचे लोक यांना. व्याधी होती, पण वय भरत नव्हते. सरसकट प्रौढांना ती १० एप्रिलपासून मिळू लागली. खाजगी केंद्रात, पैसे मोजून, आणि दुसऱ्या मात्रेला नऊ महिने उलटले असतील तरच.